संत फिलीप नेरी : हसतमुख संताची ओळख

दरवर्षी २६ मे रोजी ख्रिस्तसभा संत फिलीप नेरी यांचा सण पाळते. मे महिन्यातील लग्नसराईच्या आणि सुट्टीच्या धामधुमीत तो आपल्याकडे बहुधा कुणाच्या ध्यानातही येत नाही. संत म्हटला की गंभीर मुद्रा आणि उपवासाने कृश झालेला देह आपल्या डोळ्यांसमोर येतो. उपवास फिलीप यांनीही पुष्कळ केले; परंतु नोकरीधंद्यात बुडालेल्या मोठ्या माणसांना हसायला, गायला आणि खेळायला वेळ काढायला लावणारे संत म्हणूनच रोमने त्यांना लक्षात ठेवले.

त्यांचा जन्म १५१५ साली फ्लोरेन्स येथे झाला. ऐन तारुण्यात त्यांना एका व्यापारी नातलगाकडे पाठवण्यात आले. त्याचा धंदा पुढे आपल्यालाच मिळेल ही आशा सोडून ते १५३३च्या सुमारास रोमला आले आणि फ्लोरेन्सच्याच एका गृहस्थाच्या दोन मुलांना शिकवू लागले. राहायला एक लहानशी खोली होती. रात्री ते सेंट सेबॅस्टियनच्या भुयारी दफनभूमीत जाऊन प्रार्थना करीत. १५४८ साली त्यांनी यात्रेकरू व आजारी यांच्या सेवेसाठी एका बंधुसंघाची स्थापना करण्यास हातभार लावला. पुरोहित होण्याचा त्यांचा विचार नव्हता. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या आग्रहावरून १५५१ साली, पस्तिशी गाठल्यावर, त्यांनी गुरुदीक्षा घेतली.

त्यांच्याकडे येणारी माणसे कोण होती, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते. सावकारी पेढ्यांवरचे कारकून, दुकानदार, कारागीर, पोपच्या दरबारातील अधिकारी अशी ही मंडळी होती. दिवसभर हिशेब, देणीघेणी आणि वरिष्ठांची मर्जी सांभाळून थकलेले हे लोक विरंगुळा शोधत, तेव्हा जुगार आणि दारूचे गुत्ते त्यांच्या हाताशी होते. फिलीप यांनी त्यांना विरंगुळा सोडा असे सांगितले नाही. दुपारनंतरचा वेळ त्यांनी आपल्या खोलीत ठरवून दिला. तेथे वाचन होई, मोकळ्या गप्पा होत, गाणी होत, मग सारे मिळून फिरायला जात. खोली अपुरी पडू लागली तेव्हा वरच्या जागेत प्रार्थनालय तयार झाले. लॅटिन व इटालियन भाषेत त्याला ‘ऑरेटरी’ या अर्थाचा शब्द आहे. संगीतकार जोव्हान्नी अनिमुच्चा यांनी येथे गाण्यासाठी गीते रचली आणि ‘ऑरेटोरिओ’ या संगीतप्रकाराचे नावही याच प्रार्थनालयावरून पडले.

सर्वांत गाजली ती त्यांची सात महामंदिरांची यात्रा. उपवासकाळापूर्वी रोममध्ये कार्निव्हलचा, म्हणजे गोव्यातील इंत्रुजाचा, धुमाकूळ चाले. नेमक्या त्याच दिवसांत फिलीप आपल्या मंडळींना घेऊन पायी निघत. सेंट पीटरपासून मेरी मेजरपर्यंत सुमारे वीस किलोमीटरची ही वाट. वाटेत प्रार्थना व प्रवचन तर असेच. पण दुपारी एका बागेत सारे गवतावर बसत आणि पाव, चीज, अंडे, फळ व थोडा द्राक्षारस असे जेवण होई. वादक वाजवीत. आरंभी मूठभर असलेले हे यात्रिक पुढे हजारांच्या घरात गेले. वनभोजन आणि भक्ती यांची अशी सांगड त्या काळी सर्वांना रुचली असती तरच नवल. पोप चौथे पॉल यांच्या कारकिर्दीत, १५५९ साली, फिलीप नवा पंथ काढीत आहेत असा संशय घेण्यात आला. पंधरा दिवस पापनिवेदन ऐकण्यास आणि अशी यात्रा काढण्यास त्यांना मनाई झाली. त्यांनी निमूटपणे आज्ञा पाळली. लवकरच मनाई उठली आणि गाणी पुन्हा सुरू झाली.

याच्या थोडे आधी त्यांच्या मनात हिंदुस्थानात येण्याचे होते! संत फ्रान्सिस झेवियर यांची इकडून गेलेली पत्रे वाचून ते व त्यांचे काही साथी भारावून गेले. १५५७ साली त्यांनी एका वृद्ध संन्याशाचा सल्ला घेतला. तुझे हिंदुस्थान रोममध्येच आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि ते तेथेच राहिले. त्यांच्या मंडळाचा नमुना मात्र सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात पोहोचला. संत जोसेफ वाझ हे गोव्याच्या ऑरेटरीचेच पुरोहित.

फिलीप यांच्या थट्टेचा रोख बहुतेक वेळा स्वतःवरच असे. लोक त्यांना संत म्हणू लागले तेव्हा ते अर्धीच दाढी करून चारचौघांत गेले. पोलंडचे काही सरदार मोठ्या आदराने भेटीस आले असता त्यांनी विनोदी चुटक्यांचे पुस्तक वाचावयास लावले. शिष्यांचीही सुटका नव्हती. पुढे थोर इतिहासकार व कार्डिनल झालेले चेझारे बारोनियो यांना त्यांनी स्वयंपाकघरात राबवले आणि बारोनियो यांनीही आपण कायमचे आचारी असल्याचे तेथील भिंतीवर लिहून ठेवले. विद्वान माणसाला आपल्या विद्वत्तेचे ओझे खाली ठेवायला लावण्याचा याहून सौम्य उपाय आम्हांला तरी ठाऊक नाही.

मुलांना व तरुणांना घेऊन ते जानिकुलम टेकडीवर जात. चेंडूचा डाव स्वतः मांडून देत, थोडा वेळ खेळत आणि मग बाजूला बसून प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन करीत. खोलीबाहेर पोरांचा गोंगाट चाले. इतरांनी तक्रार केली, तर मुले पापापासून दूर आहेत ना, मग त्यांनी माझ्या पाठीवर लाकडे फोडली तरी चालेल, असे त्यांचे म्हणणे असे. १५७५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या मंडळास मान्यता दिली. १५८३ साली ते नव्या निवासात गेले, तेव्हा जुन्या खोलीत राहिलेल्या मांजरीला रोज खाऊ घालून तिची खुशाली कळवण्याचे कामही शिष्यांकडे आले.

२६ मे १५९५ रोजी पहाटे, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशी ख्रिस्तशरीराचा सण होता. त्यांनी मिस्सा अर्पण केली होती, भेटीला आलेल्यांची पापनिवेदनेही ऐकली होती.

१२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी एकाच सोहळ्यात पाच जणांना संतपद बहाल केले. इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाच्या तेरेजा आणि शेतकरी इसिदोर हे चौघे स्पेनचे, पाचवे फिलीप. त्या दिवशी पोपनी चार स्पॅनिश माणसांना आणि एका संताला वेदीवर चढवले, असा विनोद रोमकरांनी केला. आपल्या गोंयच्या सायबाचे भक्त म्हणून आम्ही तो थोडा जपूनच सांगतो. फिलीप मात्र त्यावर खळखळून हसले असते.