गाव म्हणजे नेमके कोण? प्रा. ए. आर. देसाई यांचे कार्य आणि आपण

ग्रामीण समाजशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात कधी ना कधी प्रा. ए. आर. देसाई यांचा जाडजूड ग्रंथ येतो. परीक्षेपुरती दोन-चार प्रकरणे वाचली जातात आणि पुस्तक परत ग्रंथालयात जाते. पण खेड्यापाड्यांत, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना या माणसाची ओळख असायला हवी, असे आम्हाला वाटते. त्यांच्या प्राध्यापकीची सुरुवात बाबासाहेबांच्या सिद्धार्थ कॉलेजातून झाली, हे तर आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

अक्षय रमणलाल देसाई यांचा जन्म १६ एप्रिल १९१५ रोजी गुजरातमधील नडियाद येथे झाला. वडील रमणलाल वसंतलाल देसाई बडोदा संस्थानात नोकरीला होते आणि गुजरातीतील अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार होते. त्यांची ‘ग्रामलक्ष्मी’ ही कादंबरी त्या काळच्या ग्रामोद्धाराच्या स्वप्नाने भारलेली आहे. शिकलेला तरुण गावात जातो, लोकांना जागे करतो आणि गाव सुधारते, असे ते स्वप्न होते. मुलाने मात्र पुढे आयुष्यभर याच स्वप्नाची कठोर तपासणी केली.

विद्यार्थिदशेतच ते चळवळीत ओढले गेले. बडोदा, सुरत आणि मुंबई येथे शिक्षण घेताना त्यांनी शेतकरी आणि कामगारांमध्ये काम केले. १९३४ मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. मात्र पक्षाची हुकूमशाही पद्धत न पटल्याने १९३९ मध्ये बाहेर पडले. पक्ष सुटला तरी मार्क्सवाद सुटला नाही. मुंबई विद्यापीठात त्यांनी डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. केली. घुर्ये यांची वाट धर्मग्रंथ आणि संस्कृतीच्या अभ्यासातून जाणारी, तर देसाईंची जमीन, उत्पादन आणि वर्ग यांतून. गुरू-शिष्यांच्या विचारांत एवढे अंतर असूनही तो प्रबंध पूर्ण झाला आणि १९४८ मध्ये भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथात जातिव्यवस्थेविरुद्धच्या आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास म्हणजे फक्त काँग्रेसचा इतिहास, असे मानले जाण्याच्या काळात हे घडले.

१९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. त्याच सुरुवातीच्या वर्षांत तरुण देसाई तेथे समाजशास्त्र शिकवू लागले. कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे मतभेद जगजाहीर होते. तरीही त्यांच्या कॉलेजच्या वर्गात एका मार्क्सवादी शिक्षकाला जागा होती. १९५१ मध्ये देसाई मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात गेले. तेथेच ते पुढे प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले.

१९४८ हे वर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी देसाईंचे भारतातील ग्रामीण समाजशास्त्राची ओळख करून देणारे पुस्तक निघाले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटना समितीत मसुदा मांडताना खेड्यांच्या गौरवगानाला जाहीर विरोध केला आणि गाव नव्हे तर व्यक्ती हा घटनेचा घटक मानला. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. बाबासाहेब गावकुसाबाहेरच्या जगण्यातून बोलत होते, देसाई अभ्यासकाच्या नजरेतून. पण गाव म्हणजे एक सुखी कुटुंब आहे, ही समजूत दोघांनीही नाकारली.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यात ५५ प्रकल्प होते आणि प्रत्येक प्रकल्पात सुमारे ३०० गावे. बी. डी. ओ., ग्रामसेवक, सुधारित बियाणे, रस्ते, विहिरी, शाळा, श्रमदान अशी सगळी रचना त्यातून उभी राहिली. आजही पंचायत समितीत गेल्यावर आपल्याला भेटते ती यंत्रणा मूळ तिथलीच. बहुतेक अभ्यासक किती रस्ते झाले, किती विहिरी खणल्या याचा हिशेब मांडत होते. देसाईंनी सरकारचेच मूल्यमापन अहवाल आणि इतर संशोधकांच्या पाहण्या समोर ठेवून वेगळा हिशेब मागितला. त्या रस्त्यावरून कोणाचा माल बाजारात जातो? ज्याला जमीनच नाही त्याने सुधारित बियाणे कुठे पेरायचे? श्रमदानात घाम कोणाचा आणि फायदा कोणाचा? त्यांचे उत्तर स्पष्ट होते. गाव आधीच विषम असेल आणि योजना ‘संपूर्ण गावासाठी’ म्हणून आली, तर ती वरच्यांच्याच हाती लागते. मालकी जशीच्या तशी ठेवून केलेला विकास जुन्या सत्तेला नवे बळ देतो.

हे निष्कर्ष आपल्या महाराष्ट्राला ताडून पाहा. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने अनेक कुळे जमिनीची मालक झाली. पण जो कूळही नव्हता, केवळ मजूर होता, त्याच्या सातबाऱ्याचा प्रश्नच आला नाही. आपली बहुसंख्य माणसे याच रांगेत होती. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करावा लागला. देसाई जो प्रश्न पुस्तकात मांडत होते, तोच प्रश्न आपली माणसे तुरुंगात जाऊन विचारत होती.

देसाई फक्त गावातच थांबले नाहीत. गावातून उखडलेला माणूस शहरात कुठे जातो, हेही त्यांनी पाहिले. सहकारी देवदास पिल्ले यांच्यासोबत त्यांनी झोपडपट्ट्यांवर काम केले आणि १९७२ मध्ये एका भारतीय झोपडपट्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतकरी लढ्यांवरचा मोठा संपादित ग्रंथ १९७९ मध्ये आला. त्याला जोडून स्वातंत्र्योत्तर काळातील लढ्यांचा खंड १९८६ मध्ये. भारतीय शेतकरी मुळातच सोशिक असतो, ही विद्यापीठातील आवडती कल्पना त्या पानांपुढे टिकत नाही. निवृत्तीनंतर लोकशाही हक्कांच्या पायमल्लीची नोंद करण्याचे कामही त्यांनी केले. पत्नी नीरा देसाई यांनी एस. एन. डी. टी. विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचा पाया घातला, तेही याच घरातले काम. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी बडोदा येथे देसाईंचे निधन झाले.

त्यांच्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट बोलायला हवी. देसाईंनी जात पाहिली, पण तिच्याकडे मुख्यतः वर्गाच्या चष्म्यातून पाहिले. जमिनीचा प्रश्न सुटला की बाकी गाठी सैल होतील, असा त्या विचाराचा कल होता. आपला अनुभव वेगळा आहे. १९५६ नंतर ज्यांनी मेलेली जनावरे ओढणे बंद केले, त्यांच्यावर गावोगावी बहिष्कार पडले. तो बहिष्कार टाकणाऱ्यांत गरीब शेतकरीही होते. एका वर्गातले असूनही ते आपल्यासोबत उभे राहिले नाहीत. हे का घडले, याचे उत्तर बाबासाहेबांकडेच मिळते. श्रमिकांचीच प्रतवारी लावणारी ही व्यवस्था निव्वळ भाकरीच्या हिशेबाने मोडत नाही, तिच्यामागची धार्मिक मान्यताही तोडावी लागते. धम्माची वाट त्यासाठीच होती.

पण म्हणून देसाई बाजूला ठेवावेत असे नाही. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो तेव्हा उलटा अनुभवही येतो. विहार उभे राहते, जयंती थाटात होते, आणि त्याच वस्तीतील निम्म्या घरांची नावे सातबाऱ्यावर नसतात, गायरानावरील अतिक्रमण नियमित करण्याचा अर्ज कपाटात धूळ खात पडलेला असतो. अस्मिता आपण जपली, हिशेब मागायचा राहिला. तो कसा मागायचा हे देसाई शिकवतात.

येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखडा वाचून दाखवला जाईल. तेव्हा गटार कोणत्या गल्लीतून जाते, नळ कुठे संपतो, वस्ती सुधारणेचा निधी नेमका कुठे खर्च झाला, कामावरचे मजूर कोण आणि कंत्राटदार कोण, हे उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. सिद्धार्थ कॉलेजच्या वर्गात उभ्या राहिलेल्या या शिक्षकाला विनम्र अभिवादन.

जय भीम.