गाठीला नाव देणारे डॉ. खानोलकर

जळगाव-धुळ्याच्या रुग्णालयांत लहान बाळाची गाठ काढली, की ती फॉर्मॅलिनच्या बरणीतून पॅथॉलॉजी विभागात जाते. अहवाल येईपर्यंत आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. पण त्याशिवाय पुढचे उपचार ठरत नाहीत. कर्करोगाच्या निदानातली ही शिस्त भारतात रुजवणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवून ते मुंबईत परतले आणि ग्रँट व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आणि रुग्णाचे राहणीमान ते एकत्र पाहत. तंबाखूमुळे तोंडात आणि धोतर घट्ट आवळल्याने कमरेवर होणारा कर्करोग त्यांनी अभ्यासला. १९५२ मध्ये त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे केले. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच विद्यार्थिनी. पद्मभूषण हा सन्मान आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांना मिळाले.

सवयीमुळे होणारा कर्करोग सवय सोडून टाळता येतो. तान्ह्या बाळाला कसली सवय? गर्भात जननपेशी आपल्या जागेकडे, म्हणजे बीजांडकोष किंवा वृषणाकडे, प्रवास करतात. काही वाटेतच रेंगाळतात. त्यातून माकडहाडापाशी, पोटात किंवा छातीत गाठ होऊ शकते. या गाठी दुर्मीळ असतात. बाहेरून सारख्या दिसल्या, तरी एखादीत केस, चरबी, दात अशा साध्या पेशी असतात आणि ती पूर्ण काढली की बहुधा काम भागते. दुसरी 'योक सॅक ट्यूमर' ही कर्करोगाची गाठ असते. हा भेद सूक्ष्मदर्शक सांगतो.

रक्ततपासणीही मदतीला आली. १९६३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांना यकृताच्या गाठी असलेल्या उंदरांत अल्फा-फीटोप्रोटीन आढळले. योक सॅक ट्यूमरमध्येही ते वाढते. मात्र नवजात बाळाच्या रक्तात ते मुळातच भरपूर असते, म्हणून आकडा वयानुसार वाचावा लागतो.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी डॉ. खानोलकरांचे निधन झाले. त्याच डिसेंबरमध्ये सिस्प्लॅटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. या गटातल्या औषधांमुळे आज अशी बहुतेक मुले बरी होतात, आजार पसरलेला असला तरीही. अट एकच: निदान अचूक आणि वेळेत हवे.

म्हणून बाळाच्या वृषणाला न दुखणारी, टणक सूज असेल, तर 'पाणी भरले असेल' म्हणून थांबू नये. सोनोग्राफी आणि अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी शस्त्रक्रियेआधी व्हावी. वृषणाची अशी गाठ अंडपिशवी कापून नव्हे, तर जांघेतून काढतात. माकडहाडाच्या गाठीसोबत ते हाडही काढावे लागते, नाहीतर गाठ पुन्हा होण्याचा धोका वाढतो. काढलेली गाठ तपासायला पाठवलीच पाहिजे. मुंबईला जायची वेळ आली, तर अहवालाबरोबर मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात.