जमेल तेवढ्यापासून सुरुवात : रमाबाई रानडे



आपल्या गोडादऱ्यात कितीतरी घरांत एक वाक्य रोज कानावर येतं. मला नाही जमणार. बँकेचा फॉर्म भरायचा असेल, मुलाच्या शाळेत गुजरातीत आलेली नोटीस वाचायची असेल, मशीनवर ब्लाउज शिवून बघायचा असेल किंवा सत्संगात चार शब्द बोलायचे असतील, हे वाक्य आधी पुढे येतं. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून परक्या मुलखात येऊन संसार उभा करणारी माणसं आपण, आणि फॉर्म बघून मागे सरकतो. म्हणून आज रमाबाई रानडे यांचं चरित्र थोडक्यात पाहू.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. माहेर कुर्लेकरांचं. त्या काळी मुलींना शिकवायची रीत नव्हती, त्यामुळे अक्षर ओळख नाही. १८७३ च्या डिसेंबरात अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कोण, तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. वय एकतीस, मोठे विद्वान, सगळ्या देशात नाव. विचार करा, एवढ्या शिकलेल्या माणसाच्या घरात ही कोऱ्या पाटीची मुलगी. आपण किती कमी आहोत हे तिला रोज दिसत असणार.

रानड्यांनी तिला एकदम मोठी पुस्तकं दिली नाहीत. आधी मुळाक्षरं. मग शब्द, मग वाचन. रोज थोडं थोडं. पुढे घरी शिकवायला शिक्षिका ठेवली. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचं शिकणं आवडेना. टोमणे सुरू झाले, अबोला सुरू झाला. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पाटीही सोडली नाही. घरातलं कामही केलं आणि धडाही केला.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली, आणि १८७९ मध्ये आपल्या खान्देशात, धुळ्याला. नाशिकला एका शाळेच्या समारंभात रमाबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. चारचौघांत बोलायची सवय अजिबात नव्हती. मग भाषण रानड्यांनी लिहून दिलं आणि ते घेऊन त्या उभ्या राहिल्या. यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचं, ही त्यांची तेव्हाची पायरी होती. पुढे इंग्रजी शिकल्या, आणि पुण्यात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी सभा भरली तेव्हा इंग्रजीतलं निवेदन त्यांनी वाचून दाखवलं. घरी त्याबद्दल पुन्हा बोलणी खाल्ली. पण १८८४ मध्ये हुजूरपागा शाळा सुरू झाली.

आता या चरित्रातली सगळ्यात गोड गोष्ट. १८८६ मध्ये सरकारी कामासाठी रानडे कलकत्त्याला गेले, रमाबाई सोबत होत्या. तिथली भाषा बंगाली, दोघांनाही वाचता येईना. रानड्यांनी पुस्तकं आणली आणि शिकायला बसले. अडलेलं अक्षर कोणाला विचारलं, तर दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला! चव्वेचाळीस वर्षांचा एवढा मोठा न्यायाधीश, दाढी होता होता पुस्तक हातात धरून विचारतोय. रमाबाईंना हसू आलं. पण नंतर रानड्यांनी तीच बंगाली त्यांना शिकवली. आपल्या मुलखाबाहेर गेलं की तिथली भाषा शिकायची, आणि ज्याला येते त्याला विचारायला लाजायचं नाही, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. ज्यांच्या हाताला धरून प्रत्येक पायरी चढल्या तो हातच सुटला. काही काळ त्या घराबाहेर पडल्या नाहीत. पण पुढे १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या. इथे भाषण लिहून द्यायला कोणी नव्हतं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे मोठ्या वयाच्या बायका, विधवा, संसारी स्त्रिया लिहायला-वाचायला, शिवण शिकायला, शिक्षिका व्हायला, नर्स व्हायला येऊ लागल्या. नर्सचं काम चांगल्या घरच्या बाईने करू नये असा तेव्हा समज होता. आज खान्देशातल्या कितीतरी मुली अभिमानाने ते काम करतात.

१९१० मध्ये त्यांचं आठवणींचं पुस्तक आलं. ज्या मुलीला अकराव्या वर्षी अक्षर येत नव्हतं तिचं ते पुस्तक लोक आजही वाचतात. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये सरकारने त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढलं.

यात आपण काय घ्यायचं? रमाबाईंनी आधी धीर गोळा केला आणि मग काम केलं, असं कुठे दिसत नाही. काम छोटं घेतलं, ते झालं, त्यातून धीर आला, मग पुढचं घेतलं. शेजारच्या ताईला काय येतं याच्याशी तुलना करू नका. काल आपल्याला काय येत होतं तेवढंच बघा.

या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने एक नवीन काम निवडा, आपल्या आवाक्यातलं. अंगठा देणाऱ्या आजीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर गिरवावं. काकूंनी दुकानाची एक पाटी गुजरातीत वाचून बघावी. वरची रेघ नाही म्हणून घाबरू नका, कितीतरी अक्षरं आपल्याच ओळखीची निघतील. साडीवर टिकल्या लावणाऱ्या वहिनींनी मजुरीचा हिशोब स्वतः वहीत लिहावा. म्हणजे पैसे घेताना दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबावं लागणार नाही. दादांनी मुलाच्या शाळेतली मीटिंग आईवर ढकलण्याऐवजी एकदा स्वतः जावं.

आणि घरातल्या बाकीच्यांना हात जोडून विनंती. कोणी चुकलं तर हसू नका. रमाबाईंच्या घरात टोमणे होते, तसं शिकवणारं माणूसही होतं. आपल्या घरात आपण दोघांपैकी कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

काय निवडलंत ते आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर जरूर लिहा. जिला लिहिता येत नाही तिने बोलून पाठवा 🌸