नावं ठेवणारा माणूस

बायोलॉजीच्या जर्नलमध्ये आंब्याच्या चित्राखाली ‘मँजिफेरा इंडिका’ लिहिताना स्पेलिंग चुकलं, की आपण मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालतो. तो कुणीतरी म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनियस.

गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं आडनावही एका झाडावरून आलेलं. त्याच्या घराण्यात आडनावच नव्हतं. बापाच्या नावापुढे ‘सन’ जोडलं की काम भागायचं. वडील युनिव्हर्सिटीत गेले, तिथं आडनाव हवं होतं. त्यांनी घरच्या जमिनीवरच्या लिंडेन वृक्षावरून ‘लिनियस’ घेतलं.

कार्ल जन्मला १७०७ मध्ये. वडील धर्मगुरू, त्यामुळे पोरानंही तेच व्हावं ही घरची इच्छा. पण याचं सगळं लक्ष झाडापाल्यात. हा काही धर्मगुरू होत नाही, असं मास्तरांनी सांगूनच टाकलं. तेव्हा योहान रोथमन या डॉक्टर शिक्षकानं मुलाला मेडिकलला घालायला सुचवलं आणि गाडी रुळावर आली.

त्या काळी झाडाचं लॅटिन नाव म्हणजे अख्खं वर्णनच असायचं. पान कसं, खोड कसं, सगळं त्यात. लिनियसनं ते दोन शब्दांवर आणलं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या जातीची ओळख सांगणारा. हजेरीपटावर आपलं आडनाव आणि नाव असतं ना, तसंच. १७५३ मध्ये त्यानं वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना अशी नावं देऊन टाकली.

फुलांचे वर्ग मात्र त्यानं पुंकेसर मोजून पाडले, तेही फुलांच्या नवरा-बायकोंच्या भाषेत. योहान सिगेसबेक या वनस्पतितज्ज्ञानं हे अश्लील आहे म्हणत नावं ठेवली. आज एका चिकट तणाचं नाव आहे सिगेसबेकिया. ते लिनियसनंच दिलेलं. हा सूडच होता, असं अजूनही सांगितलं जातं.

इथपर्यंत हसू येतं. पुढे येत नाही. १७३५ मध्ये त्यानं माणसाला माकडांच्याच गटात बसवलं, हे धाडस होतं. पण त्यानं माणसांचेही खंडांप्रमाणे चार भाग पाडून प्रत्येकाला रंग चिकटवला आणि १७५८ मध्ये स्वभावही चिकटवला. युरोपातला कल्पक, आफ्रिकेतला आळशी, आशियातला लोभी. आशियात किंवा आफ्रिकेत तो कधी गेलाही नव्हता. पुढे वंशभेदाला विज्ञानाचा मुलामा देणाऱ्यांना हा आयता पाया मिळाला.

लिनियस १७७८ मध्ये गेला. पुंकेसर मोजायची पद्धत मागे पडली, माणसांचे ते चार कप्पेही विज्ञानानं मोडीत काढले. दोन शब्दांची नावं तेवढी टिकली. कारण ती फक्त ओळख सांगतात, लायकी ठरवत नाहीत.

पुढच्या प्रॅक्टिकलला मँजिफेरा इंडिकापुढे एक ‘एल.’ दिसेल. तो लिनियसचा. आंब्याला त्यानं नाव दिलं होतं. माणसांना मात्र नावं ठेवली.