समजून घ्या : रुझवेल्ट यांनी ब्रिटनला ५० जुन्या विनाशिका का दिल्या?

फ्रँकलिन रुझवेल्ट १९१३ ते १९२० या काळात अमेरिकेचे सहायक नौदल मंत्री होते. चार धुराड्यांच्या विनाशिका याच काळात मोठ्या संख्येने बांधायला घेतल्या गेल्या. १९२१ मध्ये आजारपणात त्यांचे पाय निकामी झाले. तरीही १९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले.

मे १९४० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांनी त्यांच्याकडे याच जुन्या विनाशिका मागितल्या. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या आणि ताफ्यांच्या संरक्षणाला युद्धनौका कमी पडत होत्या. अमेरिका मात्र युद्धाबाहेर होती, शिवाय निवडणूक तोंडावर होती.

रुझवेल्ट यांनी जोखीम पत्करली. २ सप्टेंबरला संसदेच्या मंजुरीविना ५० विनाशिका देण्याचा करार झाला. बदल्यात न्यूफाउंडलंडपासून कॅरिबियनपर्यंत लष्करी तळांसाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागा मिळाल्या. टीका झाली, पण नोव्हेंबरमध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले.

अनेक विनाशिकांना आधी दुरुस्ती लागली. तरी नव्या नौका येईपर्यंत त्यांनी ताफे सांभाळले. 'यू-११०' ही जर्मन पाणबुडी पकडण्यात त्यांच्यापैकी 'ब्रॉडवे'चा वाटा होता. १२ एप्रिल १९४५ रोजी रुझवेल्ट यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभरातच जर्मनीने शरणागती पत्करली.