गुन्हेगारी रक्तात असते काय?

धुळ्याहून शिरपूरमार्गे निघालेला मुंबई-आग्रा रस्ता सेंधव्याच्या घाटात शिरतो, तो खाज्या नाईकांचा मुलूख. १८५७ च्या लढ्यातील हे भिल्ल नायक खानदेशाला ठाऊक आहेत. पण त्यांच्या आयुष्यातून जो प्रश्न उभा राहतो तो आम्ही क्वचितच विचारतो. माणूस गुन्हेगार म्हणून जन्मतो की तसा घडवला जातो?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. डोंगरातला भिल्ल म्हणजे जन्माचा लुटारू, ही साहेबांची पक्की समजूत. बंदुकीने भिल्ल हटेनात, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. जळगाव जिल्ह्यातले धरणगाव हे तिचे ठाणे. कालचे 'लुटारू' आज गणवेश घालून मुलखाची राखण करू लागले. रक्त तेच होते. बदलली होती भाकरी आणि वागणूक!

खाज्यांचे वडील गुमान नाईक सेंधवा घाटाचे राखणदार. त्यांच्यामागे ते काम खाज्यांकडे आले. वीसेक वर्षे त्यांनी सरकारची इमाने चाकरी केली. मग एका संशयिताला इतकी मारहाण केली की तो मेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. हा गुन्हाच होता, आणि नायक आपला म्हणून तो झाकण्याचे आम्हाला कारण नाही. पण आजही कोठडीत माणसे मरतात. तेव्हा मारणाऱ्या शिपायाचे रक्त कोणी तपासते काय?

मुदतीआधी सुटका होऊन खाज्या पुन्हा चाकरीत आले आणि १८५७ मध्ये भीमा नाईकांसह सरकारवर उलटले. घाटात सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घालण्यात आल्या. १८६० मध्ये खाज्या दगाफटक्याने मारले गेले. बंदिवानांना गोळ्या घालणाऱ्यांना मात्र कोणी जन्मजात गुन्हेगार म्हटले नाही.

ते बिरुद गरिबांसाठी राखून ठेवले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, पण पारध्याच्या पालावरची पोलिसांची धाड थांबली नाही. सराईत गुन्हेगारांच्या नावाखाली जुनाच संशय चालू राहिला. तुरुंगांच्या नियमांतील असा जातीय भेद सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवावा लागला!

आता विज्ञान काय म्हणते? १९९३ मध्ये हॉलंडमधील एका कुटुंबातील हिंसक पुरुषांत मेंदूतील रसायनांशी संबंधित एका जनुकाचा दोष आढळला, आणि जगभर 'गुन्ह्याचे जनुक' सापडल्याची आवई उठली. पुढे २००२ मध्ये न्यूझीलंडमधील अभ्यासाने वेगळेच दाखवले. त्या जनुकाची मंद प्रत असलेल्या मुलांपैकी ज्यांना लहानपणी मारझोड आणि छळ सोसावा लागला, त्यांच्यातच हिंसा ठळकपणे वाढलेली दिसली. ज्यांना माया मिळाली, त्यांच्यात नाही. म्हणजे जनुक असले तरी ठिणगी बाहेरून पडते. शिवाय हा फरक माणसामाणसांतला आहे. तो जातीजमातींवर लादता येत नाही.

जातिव्यवस्थेला वंशशुद्धीचा आधार देणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त हेच बजावले होते. त्यासाठी त्यांनी आनुवंशशास्त्रज्ञ बेटसन यांचा दाखला दिला होता. ज्याला जन्माने श्रेष्ठ ठरवता येत नाही, त्याला जन्माने चोर तरी कसे ठरवणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गुन्हा करील त्याला शिक्षा होऊ द्या, मग तो कोणत्याही जातीचा असो. पण पालावरच्या पोराचे रक्त तपासण्याआधी त्याची शाळा, त्याची भाकरी आणि त्याच्या पाठीवरचे वळ तपासा!