शेठ जमनालाल बजाज यांची गोसेवा

आमच्या रोहण्याच्या शिवारांत पांढऱ्या रंगाची, निमुळत्या तोंडाची, चपळ पायांची बैलजोडी दृष्टीस पडली, म्हणजे ती गवळाऊ जातीची हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागत नाहीं. आर्वी तालुका हें या जातीचें माहेरघर होय. परंतु आपल्याच वर्धा जिल्ह्यांतील एका मोठ्या धनिकानें आयुष्याचे अखेरचे महिने गाईच्या सेवेंत घालविले, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. म्हणून शेठ जमनालाल बजाज यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजीं राजस्थानांतील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यांत झाला. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनीं बालपणींच त्यांस नातू म्हणून दत्तक घेतलें. शाळेचें शिक्षण बेताचेंच झालें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर असतां आजोबा एकदां संपत्तीवरून टाकून बोलले. तेव्हां या मुलानें सर्व मालमत्तेवरील हक्क सोडीत असल्याचें पत्र लिहून घर सोडलें. आजोबांनीं समजूत घालून त्यांस परत आणिलें. पण हें धन आपलें नव्हे, आपण केवळ त्याचे राखणदार, ही गांठ त्यांच्या मनांत पक्की बसली.

पुढें कापसाच्या व्यापारांत त्यांनीं मोठें यश संपादिलें. सन १९२० पासून महात्मा गांधी त्यांस आपला पांचवा पुत्र मानूं लागले. सरकारनें दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनीं परत केली. सन १९२८ मध्यें वर्ध्याचें आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर त्यांनीं अस्पृश्य मानिलेल्या बांधवांस खुलें केलें. सन १९३६ मध्यें गांधीजी ज्या शेगांवीं राहावयास गेले व जें पुढें सेवाग्राम म्हणून प्रसिद्धीस आलें, त्या गांवाची मालगुजारीही त्यांचीच होती.

सन १९४१ मध्यें प्रकृति बिघडल्यामुळें त्यांची कारागृहांतून सुटका झाली. उरलेल्या आयुष्यांत काय करावें, या विचारांतून त्यांनीं गोसेवा पत्करिली. त्याच वर्षीं गोसेवा संघ स्थापन झाला. बंगला सोडून शेठजी वर्ध्याजवळ गोपुरी येथें साध्या झोंपडींत राहूं लागले व स्वहस्तें गाईची चाकरी करूं लागले.

गाईस नमस्कार करून तिला उपाशी ठेवणें ही सेवा नव्हे, हें त्या संघाच्या कार्याचें मर्म होतें. गाय दूध देते व तिचा गोऱ्हा औत ओढतो. म्हशीचा रेडा आमच्या उन्हांत तितकें काम करीत नाहीं. तरी गिऱ्हाईक म्हशीचेंच दूधतूप मागूं लागलें, तर गाय पोसणें शेतकऱ्यास परवडत नाहीं व ती अखेर कसायाकडे जाते. म्हणून संघाच्या सभासदांनीं गाईचेंच दूधतूप वापरावें व चामडें आपोआप मेलेल्या जनावराचेंच घ्यावें, असा नियम होता. चांगला वळू, पुरेसा चारा व चोख हिशेब यांवरच गाईचें रक्षण अवलंबून आहे, ही त्यामागील दृष्टि होती.

फेब्रुवारी १९४२ च्या आरंभीं वर्ध्यास गोसेवेसंबंधीं परिषद भरली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ११ फेब्रुवारी रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं शेठजींस अकस्मात् मृत्यु आला. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनीं तें कार्य पुढें चालविलें.

आज शेतांत यंत्रें आलीं आहेत व गवळाऊची संख्या घटली आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या गोठ्यांत ती असेल, तर तिच्या दावणींत सायंकाळीं किती चारा आहे हें एकदां स्वतः जाऊन पाहा. कोट्यवधींच्या धन्यास जें काम हलकें वाटलें नाहीं, त्याची लाज शेतकऱ्याच्या मुलानें कां बाळगावी?